माझ्या कपाळावरचा लाल दिवा

विद्या देतो असे सांगून शिष्याला नुसते समोर बसवून ठेवणे हा अपराध आहे. ज्याची वस्तू चोरीला जाते, त्याला निदान रिकामी जागा दिसते. ज्याचे वर्ष चोरीला जाते, त्याला ते फार उशिरा कळते. अशा एका चोरीत माझा उपयोग केला गेला. म्हणून, मित्रांनो, मी शांतपणे बोलायचे ठरवले असले, तरी माझा संताप लपणार नाही.

मी एक जुना कॅमेरा आहे. एके काळी मी बातम्या टिपत असे. सुदाम नावाचे कॅमेरामन मला खांद्यावर घेऊन बदलापूरपासून वांगणीपर्यंत हिंडत. नदीला पूर आला की स्वतः भिजत आणि छत्री माझ्यावर धरत. माझ्या कपाळावर एक लाल दिवा आहे. मी पाहत असलो की तो लागे. एकदा पुरात घर वाहून गेलेल्या एक बाई रडू लागल्या, तेव्हा सुदामांनी मला बंद केले. सोबतचा वार्ताहर चिडला. सुदाम म्हणाले, "अरे, हा दिवा लागला की समोरच्याला कळतं, आपल्याकडे कुणीतरी बघतंय. त्या बाईंना आत्ता ते नकोय."

त्या दिवसापासून मी माझ्या दिव्याला वचन मानत आलो.

पुढे वय झाले आणि माझी दृष्टी गेली. भंगारात गेलो असतो, तरी दुःख नव्हते. परंतु मला चिंतामणी सरांनी घेतले. अंबरनाथला त्यांची संस्था होती. पदवी झालेल्या मुलांना तेथे रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे वर्षभराचे पदव्युत्तर प्रशिक्षण मिळते, असे फलक सांगत असे. सर मला उल्हासनगरला, कॅम्प दोन नावाच्या वस्तीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने मला उघडले आणि मान हलवली.

"साहेब, ये अब नहीं देखेगा. अंदर से खतम है."

"अरे भाई, इसको देखना किधर है? दिखना है! बस वो लाल बत्ती जला दो."

दुरुस्तीवाल्याने माझ्या पोटात दोन सेल बसवले. कागदाचे बोळे कोंबले, म्हणजे सेल हलू नयेत. माझे वचन त्या दुकानात मोडले.

सरांच्या वर्गातली यशोधरा जवळच्या मोरिवलीची. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या कार्यालयातली कायमची नोकरी सोडून ती येथे आली होती. तिचे वडील मिलिंद रात्रपाळी करून येत आणि झोपण्यापूर्वी तिचे बातमीपत्र ऐकून घेत. वर्गात ती माझ्या आंधळ्या डोळ्यात पाहून वाचे. सर मोबाइलमधून मान वर न करता म्हणत, "छान. नेक्स्ट!" कोणी रेकॉर्डिंग मागितले की उत्तर ठरलेले असे : "सगळं मुंबईला तपासायला जातं. शेवटी एकदम मिळेल." मी पाहत नव्हतो आणि सर ऐकत नव्हते. त्या मुलीचे शब्द भिंतीवर आपटून जमिनीवर पडत होते. माझ्या कपाळावर मात्र दिवा जळत होता!

वर्ष संपत आले. एका वृत्तवाहिनीने यशोधरेकडे तिच्या वाचनाचे चित्रीकरण मागितले. ते त्याच संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते; न पाठवल्यास संधी गेली.

"सर, माझं कुठलंही एक रेकॉर्डिंग द्या ना. कसंही चालेल."

"जुनं कशाला? आज फ्रेश घेऊ. बस."

ती वाचू लागली. तेवढ्यात वीज गेली. मोठे दिवे विझले, पंखा थांबला. त्या काळोखात एकटा माझा लाल दिवा जळत राहिला.

"सर, लाइट गेली. मग कॅमेरा कसा चालू?"

"बॅटरीवर आहे गं."

"मग तर रेकॉर्डिंग चालूच असेल. बघते."

ती माझ्यामागे आली. डोळा लावला, तर आत अंधार. तिने माझे झाकण उघडले. सेल दिसले, बोळे दिसले. तिने एक बोळा उचलून सरांसमोर धरला.

"सर, आमचं वर्ष कुठे आहे?"

सर हसले. "अगं, कॉन्फिडन्स आला ना? तो काय कॅमेऱ्यात भरून देता येतो?"

"वा सर!" तिच्या वर्गातला, वांगणीचा विक्रांत मागून म्हणाला. "म्हणजे पुढच्या बॅचला पण दोन सेलचा कॉन्फिडन्स देणार? येडा बनवलं ना आम्हाला!"

यशोधरेने खिडकी उघडली. उजेड आत आला. मला तिने आपल्या शेजारी उभे केले, उघड्या पोटाने. "विक्रांत, मोबाइल धर," असे म्हणून ती खुर्चीवर बसली.

"नमस्कार. अंबरनाथच्या एका प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांना वर्षभर बंद कॅमेऱ्यासमोर बसवल्याचं आज उघडकीस आलं आहे."

"बंद कर! सर्टिफिकेट देणार नाही!" सर ओरडले.

 पण तिने वाक्य सोडले नाही. "संस्थाचालकांनी विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र रोखण्याची धमकी दिली आहे," हेही तिने त्याच बातमीत वाचले.

संध्याकाळपूर्वी तिने तेच चित्रीकरण पाठवले. निघताना माझ्या पोटातले सेल काढले. "बस झालं खोटं बोलणं, बाबा," ती मला म्हणाली. दिवा विझला. मला इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

पुढे विक्रांत प्रमाणपत्रांसाठी भांडायला आला, तेव्हा कळले की वाहिनीने यशोधरेला बोलावून घेतले. सरांनी नव्या वर्गासाठी चालता कॅमेरा आणला. लाज वाटून नव्हे, भीतीने आणला! मी आता माळ्यावर आहे.

मित्रांनो, यंत्र थकले तर त्याला विश्रांती द्या. त्याच्या नावाने खोटे बोलू नका. आणि कोणी तुमच्यासमोर जीव ओतून वाचत असेल, तर मान वर करून त्याच्याकडे पाहा.

यशोधरे, विक्रांता, तुमच्या शब्दांना सदैव ऐकणारे लाभोत. चिंतामणी सर, तुम्हालाही शिष्याकडे पाहणारी दृष्टी मिळो. शुभं भवतु.