बाहेरचं बाकडं

तुम्ही हरिताला खोलीबाहेर बसवलं नाही. एवढंच करायचं होतं तुम्हांला, आणि तेवढंही तुमच्यानं झालं नाही. दाराबाहेर बाकडं होतं. हिरवं, चार माणसं बसतील एवढं, रिकामं. तिची आई वासुकी हात जोडून म्हणाली होती, "सार, पाच मिनिटं आम्हां नवराबायकोशीच बोला. मुलीला बाहेर बसू दे." तुम्ही घड्याळाकडं बघितलंत. "जे काय आहे ते तिच्या तोंडावर सांगा, मॅडम. लपवाछपवीनंच पोरं बिघडतात."

मुलांचं भलं बघायला सरकारनं तुम्हांला त्या खुर्चीवर बसवलंय. खुर्चीच्या पाठीला पांढरा टॉवेलही दिलाय. तेव्हा वासुकी तुमच्या दारापर्यंत कशी आली ते आता ऐकाच.

वासुकी पापनाशमजवळच्या एका खेड्यात तिसरीच्या मुलांना शिकवते. नोव्हेंबरात एकदा मधल्या सुट्टीत तिच्याबरोबरच्या दिव्यश्री टीचरनं मोबाइल पुढं केला. "अक्का, ही तुमची हरिता ना?"

पडद्यावर पुदु आरूचा पूल होता. पुदु आरू खरं तर कालवाच, पण तंजावरात सगळे त्याला नवी नदी म्हणतात. पुलाच्या कठड्यावर शाळेच्या चुडीदारातली सोळा वर्षांची पोर उभी. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. तिनं हात पसरले, मान वळवून हसली, आणि पाठमोरीच पाण्यात. वर गाणं लावलेलं, खाली लाइकचे अकरा हजार बदाम. वासुकीच्या डब्यातला ताकभात तसाच राहिला.

संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा हरिता दारात चप्पल काढत होती. "पाण्याखाली गेलं ना, की तीन सेकंद कुणी काही विचारत नाही, अम्मा," ती तमिळमध्ये म्हणाली. "मार्क नाहीत, परीक्षा नाही, तू नाहीस."

मोबाइल काढून घेतला. स्कूटीची किल्ली लपवली. डिसेंबरात ती मैत्रिणीच्या बाइकवर मागं बसून बायपासवरच्या लॉरीची साखळी धरून गेली. ढोपरं सोलून घरी आली. बापानं, विश्वेशनं, कानाखाली वाजवली. विश्वेश ओरत्तनाडला सरकारी मोजणीदार आहे. त्या रात्री वासुकी त्याला म्हणाली, "लोकांच्या शेताच्या हद्दी मोजत फिरता. घरची पोर एक हद्दीत ठेवता येईना तुम्हांला." तो म्हणाला, "आणि तू तीसतीस पोरं सांभाळतेस म्हणे." दोघंही घाबरली होती.

भांडण मराठीत झालं. त्यांच्या घरात तसली बोलणी मराठीतच व्हायची.

हे तुम्हांला कळायचं नाही, म्हणून फोडून सांगतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा राजाबरोबर आलेली ही माणसं. राज्य गेलं, भाषा राहिली, तीही तोंडातच. वासुकीला मराठी अक्षर लागत नाही. हरिता बालवाडीत गेली तेव्हा शाळेनं सांगितलं, मुलीशी तमिळ-इंग्रजी बोला, तिसऱ्या भाषेनं गोंधळेल. यांनी ऐकलं. मग मराठी नवराबायकोपुरती उरली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची साखर वाढली, कोणत्या पाहुण्याला कधी कटवायचं, सगळं मराठीत. भाजीवाल्यासमोर, शेजाऱ्यासमोर, आणि पोरीसमोर. पडदा ओढावा तशी भाषा ओढायची. यांच्या नात्यागोत्यात घरोघरी हेच चालतं. पोरीला "ये, बस, जेव" एवढंच येतं, असं सगळे धरून चालले होते, कारण ती उत्तर कायम तमिळमध्ये द्यायची. तेरा वर्षं पडद्याबाहेर बसलेलं पोर तिथं काय करत असेल, हे कुणी विचारलं नाही. ते ऐकत असतं, दुसरं काय करणार?

डिसेंबरात वासुकी पहिल्यांदा तुमच्याकडं आली. तुमचा कारकून म्हणाला, वडलांना आणा. रजा टाकून दोघं आली. तुम्ही म्हणालात, मुलीला आणा. तेवीस जानेवारीला तिघं आली, आणि तुम्ही बाकडं रिकामं ठेवलंत.

आता त्या खोलीतलं आठवा. तुम्ही हरिताला विचारलंत, "कुणी मुलगा आहे का?" ती तुमच्या टेबलाच्या काचेखालचे देवाचे फोटो बघत राहिली. तुम्ही विश्वेशला विचारलंत, "दारू पिता?" तो म्हणाला, "नाही सार." तुम्ही हसलात. "मग घ्यायला लागाल." मग वासुकीकडं वळलात. "बोला मॅडम. घरी काय त्रास देते?"

पोर हातभर अंतरावर बसलेली. आई काय बोलणार? आणि बोलायचं तर होतं. दोन महिने छातीवर धोंडा होता. सरकारचा माणूस समोर आहे, आज नाही तर कधी? मग जन्माच्या सवयीनं तिनं पडदा ओढला. नवऱ्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली:

"अहो, ह्यांना सांगा, मज हिची भीती वाटते. फोन वाजला की पोटात गोळा येतो. रोज वाटतं, आली बातमी. असं रोज मरण्यापेक्षा एकदाची बातमी येऊन जावी, सुटेन तरी मी. सांगा ह्यांना, हिला कुठं ठेवून घ्या म्हणावं. माझ्यानं होत नाही."

विश्वेशनं मान खाली घातली. तुम्ही मात्र खूश झालात. "ही कुठली भाषा? तेलुगू?"

"मराठी, सार."

"अरे वा! म्हणजे अरमनैवाले! राजवाड्यातली माणसं माझ्या कचेरीत!" तुम्ही कारकुनाला हाक मारलीत. "बघ रे, राजकन्या कालव्यात उडी मारते!" कारकून हसला. विश्वेशही हसला, भीक मागायला आलेला माणूस हसतो तसा. "काय म्हणाल्या त्या?"

विश्वेश म्हणाला, "काही नाही सार. काळजी वाटते म्हणाली."

हरिता फोटोच बघत होती. वासुकीला नंतर एवढंच आठवलं, की पोरीचं पाऊल जमिनीवर टकटक करत होतं, ते थांबलं.

तुम्ही दोन कागद दिलेत. एक हमीपत्र: मुलीच्या वागण्याची सगळी जबाबदारी पालकांची, कचेरीकडं बोट दाखवणार नाही. दोघांनी सह्या केल्या. दुसरा, पालकांसाठी दहा सूचना. त्यातली चौथी अशी: मुलांशी एकांतात, मातृभाषेत, प्रेमानं बोला. तो कागद तुम्ही स्वतः कधी वाचलात का? बारा मिनिटांत तिघं बाहेर.

त्यानंतर पोर गुणी झाली. ताट घासायची. वेळेवर घरी यायची. वासुकीनं केसांना तेल लावायला बसवलं तर बसली, न कुरकुरता. एकदा भातावर रसम वाढताना वासुकी म्हणाली, "आज पूल नाही ना गे?" तर नुसती हसली. वासुकीनं तुम्हांला फोन केला, आभार मानायला. हो, आभार! तुम्ही म्हणालात, "बघितलंत? धाक पाहिजे."

जानेवारी सरताना वर धरणाची दारं बंद होतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पुदु आरू आटत जाते, पुलाखाली वाळू नि दगड दिसायला लागतात. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, हरिता मैत्रिणींबरोबर पुलावर गेली. मैत्रिणी सांगतात, आम्ही ओरडलो, तळ दिसतोय, उतर. कुणी मोबाइलही काढला नव्हता. ती पाय घसरून पडली की काय, ते त्यांना सांगता येत नाही. तिनं मागं वळून बघितलं, एवढं सांगतात. ह्या खेपेला हसली नाही म्हणतात.

वासुकी डोशाचं पीठ वाटत होती. फोन वाजला. या वेळी खरंच बातमी होती.

पोर जगली. मणका मोडलाय. कमरेखाली टाचणी टोचली तर कळत नाही. सूज उतरल्यावर बघू, असं डॉक्टर म्हणतात, आणि ते म्हणताना वासुकीच्या डोळ्याकडं बघत नाहीत.

चौथ्या दिवशी हरिता नीट शुद्धीवर आली. मानेला पट्टा, डोळे छताकडं. विश्वेश खाली औषध आणायला गेला होता. वासुकी ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत होती. जन्मभर अम्मा म्हणणारी पोर, जन्मात मराठीचं एक अख्खं वाक्य न बोललेली पोर, हळू, स्वच्छ मराठीत म्हणाली,

"आई, बातमी आली न? सुटलीस?"

वासुकीच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. तेव्हापासून दिवसातून चारदा ती पोरीच्या कानाशी वाकते, "तसं नव्हतं गे, कण्णा," म्हणते, आणि पुढं तिची मराठी संपते. भांडायला, लपवायला, रडायला पुरेल एवढी आहे. माफी मागायची ती कधी शिकलीच नाही. स्वतःला ती सोडणार नाही, आणि सोडूही नये. तोंडातून तिच्याच गेलं ते. पण ते त्या खोलीत का बोलावं लागलं, हे तिचं एकटीचं पाप नाही.

परवा तुमच्याकडची एक बाई फॉर्म घेऊन वॉर्डात आली. "घरात काही भांडण झालं होतं का?" विश्वेशनं तोंड उघडलं, तशी तिनं हमीपत्राची नक्कल काढली. "ही सही तुमचीच ना?" मग फॉर्ममधल्या मातृभाषेच्या रकान्यात न विचारता तमिळ लिहिलं. वासुकी उठली. "खोडा ते," म्हणाली. "मराठी लिहा. माझ्या मुलीला येते. सगळी येते."

तुम्ही आजवर तिला पुष्कळ विचारलंत. वडील कुठं, मुलगी कुठं, मुलगा कोण, दारू किती, सही कुणाची. आता तिचं एकच विचारणं आहे, तिच्याच शब्दांत. तेवीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता ते हिरवं बाकडं रिकामं होतं. पाच मिनिटं तिथं बसायला माझ्या पोरीला का नाही सांगितलंत?

तोंडी नको. लेखी द्या, खाली सही करून. तमिळमध्ये द्या नाहीतर कुणाकडून मराठीत लिहवून घ्या. मराठीत असलं तर ती पोरीच्या उशाशी बसून कुणाकडून वाचून घेईल. बोला, का नाही सांगितलंत?