धागा दारात येईपर्यंत

मी कात्री बोलतेय. वाजत नाही, बोलतेय. हा फरक आधीच सांगून ठेवते. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात, असं तुम्ही माणसं म्हणता. मी एकाच घरात तीस वर्षं काढली. तिथे भांडणं झाली ती टीव्हीच्या आवाजावरून, भाजीतल्या मिठावरून आणि एकदा सोसायटीच्या पार्किंगवरून. माझ्यामुळे एकही झालं नाही. माझ्यामुळे झालं ते वेगळंच, आणि ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म मेरठचा. ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद तापवून, ठोकून माझी दोन पाती केली आणि त्यांना पितळेची मूठ बसवली. तिथून फिरत फिरत मी वाशीच्या एका फुटपाथवर येऊन पडले. विकणारा गिऱ्हाइकांना कागद कापून दाखवत होता. नंदिनीबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "कागद काय, माझी पोरगी दातांनी फाडती. ओलं फडकं काप बघू." त्याने कापलं. मी मुळीच अडले नाही, आणि बाईंनी मला पिशवीत टाकलं.

न अडणं हाच माझा गुण. त्याच गुणाची आता मला भीती वाटते.

बाई सोलापूरकडच्या. नवरा कमळाकर मार्केटच्या ऑफिसात नोकरीला, लेक क्षिप्रा, आणि नेरूळला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाई बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज शिवत, फॉल लावत. दुपारी तीन वाजता जेवणाची झाकपाक झाली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. पदराच्या टोकाला कपाटाची किल्ली गाठ मारून बांधलेली असे. ती गाठ सोडायची, कपाट उघडायचं, मला काढायचं आणि किल्ली पुन्हा बांधायची. त्यांच्या अंगठ्याने माझ्या पितळेत खळगा पडला. तो अजून आहे, अगदी त्यांच्याच अंगठ्याच्या मापाचा.

त्यांना गोधडीचा नाद लावला तो गोजराने. गोजरा करावे गावची. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बिल्डिंगमध्ये यायची. बोंबील देता देता दोघींची मैत्री जुळली. दर रविवारी पाटी रिकामी झाली की ती बाईंच्या घरी जमिनीवर फतकल मारून बसे आणि दोघी धावदोरा घालत. गोधडी कडेने सुरू करायची आणि फिरत फिरत मधोमध जायचं. गोजराचा एकच नियम होता आणि त्यात ती कुणाचं ऐकत नसे.

"धागा दारान आल्याबिगर कापर कापाचा नाय," ती म्हणे.

म्हणजे शिवण जिथे पोचली, तिथे अख्खं कापड आणून ठेवायचं, हाताने सपाट करायचं, आणि मगच लागेल तेवढं कापायचं. आधी ढीगभर तुकडे कापून ठेवायचे नाहीत. गोधडी शिवता शिवता आवळते, उद्या केवढी जागा उरेल ते आज कुणाला माहीत? आणि कापलेला तुकडा पडून राहिला की कडेने विरत जातो. हे झालं कामाचं कारण. गोजरा आणखी एक सांगायची, जरा आवाज उतरवून. अख्ख्या कापडाला माहीत असतं आपण कुणाचं. कापून टाकून दिलेल्या तुकड्याला माहीत नसतं, मग तो घरभर विचारत फिरतो. बाई हसायच्या. मीही तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

मागच्या माघात बाई गेल्या. कमळाकररावांचे पाय गार पडतात म्हणून त्यांच्यासाठी गोधडी चालली होती. चारी कडा झाल्या होत्या, मधला भाग उघडा होता. दुपारी तीनच्या सुमारास बाईंनी सुई गोधडीत टोचून ठेवली, मला मांडीवर ठेवलं आणि खुर्चीला डोकं टेकलं. तासाभराने कमळाकरराव चहाचं विचारायला आले. तोवर मी बाईंच्या मांडीवरच होते. माणसाची ऊब जाताना मी पहिल्यांदा अनुभवली. मी पोलाद असूनही मला गार वाटलं.

मग ते वाजणं सुरू झालं. बरोब्बर तीन वाजता. करक, करक, करक.

क्षिप्रा महाप्याला आयटीत आहे. आठवड्यात दोन दिवस ती घरून काम करते. आतल्या खोलीत मीटिंग चालू असताना तिला बाहेरून कात्रीचा आवाज यायचा. आईचाच ठेका, तीनदा वाजवून थोडं थांबायचं. पोरगी पांढरीफटक पडायची. कानातला हेडफोन काढून बाहेर येईपर्यंत आवाज बंद झालेला असे आणि बाबा पेपर वाचत बसलेले.

"बाबा, तुम्हाला कात्रीचा आवाज आला?"

"कसली कात्री? वरच्या मजल्यावर काम चाललंय."

धादांत खोटं. मला वाजवत होते तेच. रोज तीन वाजता ते कपाट उघडत, बाईंचं जांभळं इरकल लुगडं काढत आणि मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसत. एका हातात पदराचं ते चुरगळलेलं टोक, दुसऱ्या हातात मी. बाईंच्या खळग्यात स्वतःचा जाड अंगठा कसाबसा बसवायचे आणि हवा कापायचे. डोळे मिटले की बाई शेजारी काम करतायत असं त्यांना वाटत असणार. लेकीला हे सांगायची मात्र लाज वाटायची. आणि तिला ते कितीतरी दिवस कळलं नाही.

वर्षश्राद्धाला बारा दिवस उरले होते. तो रविवार होता. क्षिप्राच्या मनात आलं, आईची गोधडी पुरी करायची आणि श्राद्धाच्या दिवशी बाबांच्या अंगावर घालायची. मन किती चांगलं! तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातली बाई हसत सांगत होती, सगळे तुकडे आधीच एका मापाने कापून घ्या, मग काम पटापट होतं.

कमळाकरराव सकाळी चालायला गेले होते. क्षिप्राने आईच्या साड्या काढल्या, पुठ्ठ्याचा चौकोन कापला, साडीच्या चार घड्या घातल्या आणि मला उचललं. तिचा अंगठा त्या खळग्यात सैल बसला. तेव्हाच मी काहीतरी करायला हवं होतं. कापडात पातं अडकवायचं, खिळा ढिला करायचा, निदान कुरकुरायचं. मी काही केलं नाही. मी लोण्यासारखी चालले.

पाच साड्या झाल्यावर जांभळं लुगडं आलं. त्याचं पदराचं टोक चुरगळलेलं, विरलेलं, किल्लीने भोक पडलेलं. क्षिप्रा म्हणाली, "ईऽ, हे खराब झालंय," आणि तेवढा कोपरा माझ्याकडून कापून कचऱ्यात टाकला. बाकीच्याचे चौकोन झाले. दहा वाजता सोसायटीचा कचरा उचलणारा आला आणि सुका कचरा घेऊन गेला.

दुपारी तीन वाजता कमळाकररावांनी कपाट उघडलं. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, मग पुन्हा वरचा पाहिला.

"क्षिप्रा, आईचं जांभळं लुगडं कुठाय?"

"बाबा, सरप्राइज होतं खरं तर. टेन्शन नका घेऊ. कट करून ठेवलंय ना सगळं." तिने पिशवी पुढे केली. मांजराच्या पिल्लाला दूध दाखवावं तशी हौसेने.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी घेतली, म्हणाले, "पंखा बंद कर," आणि जमिनीवर बसले. एकेक जांभळा तुकडा काढून मांडू लागले. काठाचे तुकडे दोन्ही कडांना, साधे मध्ये. साधे सगळे दिसायला सारखेच, कुठलाही कुठेही बसला असता. पण ते बोटं फिरवून ओळखत होते. हा निरीचा, इथे घासलाय. हा खांद्यावरचा. हा कमरेचा, इथे ओले हात पुसायची. हॉलमधून सुरू झालेलं लुगडं पॅसेजमध्ये वळलं आणि बाथरूमच्या दारापर्यंत गेलं. सगळ्यात शेवटी पदर. पदराचे सगळे तुकडे जागेवर बसले आणि टोकाला एक जागा रिकामी राहिली.

"इथला कुठाय?"

क्षिप्राने तोंडावर हात घेतला. तिला सगळं एकदम कळलं. ते जांभळं लुगडं, तो तीन वाजताचा आवाज आणि बाबांचं खोटं. "बाबा, तुम्ही सांगायचंत ना हो," एवढंच ती म्हणाली आणि तिथेच बसून रडायला लागली.

त्याच वेळी गोजरा आली. बाई गेल्यावरही ती रविवारी दारात डोकावून जात असे. तिने पाटी बाहेर ठेवली. आत पाऊल टाकणार तोच जमिनीवर आडवं पसरलेलं ते लुगडं पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं. ते ओलांडायचं धाडस तिला झालं नाही.

"आगो पोरी, काय केलास ह्या?" ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "कापाला घरीभर पुरते. शिवाला जल्म जातो."

मग पदर खोचून ती कडेकडेने आत आली. कमळाकररावांसमोर उकिडवी बसली. "भाऊ, झाला ते झाला. आता कापलेला तसाच ठेवू नका, बाई घरभर फिरत र्‍हाल. जसा मांडलाव, तसाच शिवाचा. पदर गोधडीच्या मधी, बाकीचा लुगरा तिच्या पोटान. पन जागा बदलाची नाय."

बाईंनी टोचून ठेवलेल्या त्याच सुईने तिने पहिला टाका घातला. अकरा दिवस क्षिप्रा ऑफिसातून आली की मध्यरात्रीपर्यंत शिवायची. गोजराही आता रोज पाटी रिकामी करून येई. एरवी बोटाला पेन टोचलं तरी कळवळणारी मुलगी, पण बोटांना भोकं पडली तरी बोलली नाही. कमळाकरराव तुकडे क्रमाने हातात देत होते. मी खुंटीला टांगलेली होते. मला कुणी खाली काढलं नाही. दोरासुद्धा तिघं दातांनी तोडत होती.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी एकच जागा उरली, पदराच्या टोकाची. वीतभर चौकोन. क्षिप्राने दुसऱ्या साडीचा तुकडा धरून पाहिला. कमळाकररावांनी त्या जागेवर हात ठेवला.

"तिथे दुसरं काही नको."

त्यांच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. बाईंनीच शिवलेला, माझ्याच पात्यांनी कापलेला. ते वरचं बटण काढायला लागले. "ह्याचा तुकडा लाव. तिच्या किल्लीच्या जागी मी बसतो."

गोजरा ताडकन उठली. "नाय भाऊ! आंगावरचा कापर कापाचा नाय. जित्या मानसाचा लुगऱ्यान सांधाचा नाय. ती वढून नेल तुमाला."

कमळाकररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. बटण पुन्हा लावलं.

"मग थांबू," ते शांतपणे म्हणाले. "धागा दारात आला की काप, असंच ना? जागा तशीच ठेव, क्षिप्रा. मी गेलो की ह्या शर्टाचा तुकडा लाव. कुठून कापायचा ते सांगून ठेवतो. खिशाचा घे."

क्षिप्रा नको नको म्हणत राहिली. ते गोधडी पांघरून निजले. त्या भोकातून त्यांचा गुडघा दिसत होता.

आता ते रोज तोच निळा शर्ट घालतात. क्षिप्रा तो हाताने, हळू धुते. मशीनला लावत नाही. वाळत घालताना उन्हात धरून पाहते, खिशाजवळ विरलाय का. मग स्वतःलाच बोलते, "काय बघतेय मी, देवा." कमळाकररावांनी मला हातात घेणं सोडलंय. तीन वाजता ते गोधडीखाली गाढ झोपलेले असतात.

तरी तीन वाजता मी वाजते.

मी शपथेवर सांगते, माझ्या मुठीत त्यांचा हात नसतो. क्षिप्राचाही नसतो. खळग्यात मात्र काहीतरी नेमकं बसतं, ना सैल ना घट्ट, आणि माझी पाती उघडतात. करक, करक, करक. मग थोडं थांबतं. पूर्वी हा ठेका कामाचा वाटायचा. आता कुणीतरी घाई करतंय असं वाटतं.

गेल्या आठवड्यात क्षिप्राने दोरा घेतला आणि माझी मूठ करकचून बांधून टाकली. मला बरं वाटलं. पण दोरा दोराच आहे. एक ना एक दिवस तुला मला सोडवावंच लागेल, पोरी. तो निळा शर्ट तुझ्यासमोर असेल आणि त्यात कुणी नसेल. त्या दिवशी व्हिडिओ लावू नकोस. आधी गोधडी अंथर. शर्ट अख्खा तिच्यावर ठेव, हाताने सपाट कर. शेवटचा टाका त्या जागेच्या तोंडाशी येऊ दे. मगच मला उचल.

आणि खिशापाशी मी अडले, तर जोर लावू नकोस. साऱ्या आयुष्यात एकदा तरी मला अडायचं आहे.