गाढवाचे कान कुणाच्या डोक्यावर

पैज लागली ती कुंपणावर. इकडे स्टॉश गवत कापायचं मशीन बंद करून उभा, तिकडे शेजारीण व्हर्ना ओले टॉवेल झटकत.

"यंदाच्या प्राथमिक निवडणुकीत माझं मत भाचीला," स्टॉश म्हणाला.

"नाही पडणार."

"म्हणजे? पाय मोडणारेस माझा?"

"बोटसुद्धा लावणार नाही. तरी नाही पडणार. लावतोस पैज?"

गावात पक्ष दोनच, चिन्हांवरून नावं पडलेले: हत्तीवाले आणि गाढववाले. व्हर्ना जन्माची हत्तीवाली. स्टॉशची भाची रोझान गाढववाल्यांकडून टाउनशिपच्या, म्हणजे गावचे रस्ते सांभाळणाऱ्या, सुपरवायझरपदाची उमेदवारी मागत होती. प्राथमिकला पक्ष आपापला उमेदवार निवडतात, खरी निवडणूक नोव्हेंबरला. ठरलं असं, की हरेल त्याने मतदानाच्या दिवशी मतदान जिथे होतं त्या अग्निशमन दलाच्या फायर हॉलसमोर, गावादेखत, समोरच्याच्या जनावराचं सोंग घेऊन पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, विकायच्या. स्टॉश हरला तर सोंड, व्हर्ना हरली तर लांब कान.

"मी कुठल्याच पक्षाचा नाही, मोकळा माणूस," स्टॉशने छाती फुगवली. "दर नोव्हेंबरला मनाला येईल त्याला मत टाकतो. मला कोण अडवणार?"

व्हर्ना गालातल्या गालात हसली. तिथेच स्टॉशच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाई हसली का?

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच ते. मागच्या खेपेच्या प्राथमिकला रोझान एका मताने पडली होती. "मामा, तू तरी दिलंस ना?" तिने विचारलं होतं, आणि हा गडी बेधडक "दिलं" म्हणाला होता. खरं तर त्या दिवशी तो ओढ्यावर ट्राउट मासे पकडत बसला होता. ते एक मत तेव्हापासून त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलेलं.

सोमवारी दुपारी त्याने कामावरून सुट्टी घेतली आणि कोर्टहाउसमधली निवडणूक कचेरी गाठली. खिडकीतल्या पोराला म्हणाला, "जरा बघ रे, माझ्या मतात काय खोट आहे."

पोराने नाव टाइप केलं. "खोट नाही, साहेब. पण तुम्हाला हत्तीवाल्यांची मतपत्रिका मिळेल."

"कुणाची?"

"तुम्ही त्यांच्या पक्षात आहात. चाळीस वर्षं झाली."

"मी? अरे, मी कुठल्याच पक्षात नाही!"

"मग तर कुठलीच मिळाली नसती. नोव्हेंबरचं वेगळं. प्राथमिकला ज्याचा पक्ष, त्याचीच मतपत्रिका."

पोराने पडद्यावर जुना फॉर्म काढला. अठरा वर्षांच्या स्टॉशची वेडीवाकडी सही, पक्षापुढे ठसठशीत खूण, आणि खाली फॉर्म भरायला मदत करणाऱ्याचं नाव: व्हर्ना.

स्टॉशला सगळं आठवलं. जत्रा. हत्तीवाल्यांचं टेबल. टेबलामागे लाल रिबीन बांधलेली पोरगी, तिच्या हातात फुकटचं लिंबूपाणी. "इथे सही कर," ती म्हणाली होती. तिने सांगितलं असतं तर त्याने सैन्यात भरतीच्या कागदावरही केली असती. कागद वाचायला तेव्हा डोळे रिकामे कुठे होते?

म्हणजे मागच्या वेळी मासे सोडून आला असता, तरी रोझान एका मताने पडलीच असती! त्याला हसावं की रडावं कळेना.

"बदलता येईल?"

"आज पाचपर्यंत. शेवटचा दिवस आहे."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. या वेळी स्टॉशने फॉर्मचा शब्द न् शब्द वाचला, दोनदा, आणि मगच सही केली.

मतदानाच्या दिवशी तो मत टाकून बाहेर आला तर दारात रोझान. "मामा, या खेपेला तरी नक्की ना?"

"या खेपेला नक्की. मागच्या खेपेला खोटं बोललो, पोरी. मासे पकडत होतो."

रोझान त्याच्याकडे बघतच राहिली. "मला माहीत होतं. चार ट्राउट तूच आणून दिलेस की संध्याकाळी!"

दारापासून नियमाप्रमाणे दहा फूट लांब पिएरोगींचं टेबल होतं. मागे व्हर्ना. स्टॉशने पक्ष बदलल्याचं कळताच तिने हार मानली होती; डोक्यावर हातभर लांब राखाडी कान. अख्खं गाव पोट धरून हसत होतं.

"तुला फॉर्म आठवत होता," स्टॉश म्हणाला. "सरळ सांगायचंस की!"

"सरळ सांगून तू कधी उठलायस का जागचा?"

"पण रोझान तुमची नव्हे, गाढववाली!"

"माझ्या दारापुढचा खड्डा कुठल्या पक्षाचा आहे रे? तीच बुजवेल तो. कांदा घालू का वरून?"

"घाल. पण आधी ओरड."

व्हर्नाने डोळे वटारले, आजूबाजूला बघितलं, मान वर केली, आणि रस्त्यापलीकडच्या चर्चपर्यंत ऐकू जाईल असं गाढवासारखं ओरडली.