अक्कांनी आणलेला उमेदवार

गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणत. शाळेचे गणवेश आणि खिडक्यांचे पडदे शिवून त्यांनी घर चालवलं, आणि उरलेला वेळ पक्षाला दिला. नळाला पाणी नाही, रस्त्यावरचा दिवा गेला, की लोक आधी अक्कांचं दार वाजवत. अक्का ते गाऱ्हाणं पक्षाच्या कार्यालयात नेत. कधी काम व्हायचं, बरेचदा व्हायचं नाही. पण आपलं म्हणणं कुणीतरी वर पोचवतंय, एवढा धीर गल्लीला होता.

यजमान बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "तुझा पक्ष म्हणजे आमची बस. हात दाखवला म्हणून थांबेलच असं नाही." अक्का ते हसण्यावारी न्यायच्या.

कोपऱ्यावरचा बाळंतपणाचा दवाखाना बंद झाला, तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं. तेव्हाचा नगरसेवक दुसऱ्या पक्षाचा, धंद्याने बिल्डर. त्याने इमारत धोकादायक ठरवून घेतली. आधी कुलूप लागलं, मग ती पाडून तिथे दुकानं उभी राहायला लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्त्रीवाल्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मोठं रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. टेम्पोत अक्काच तिचा हात धरून बसल्या होत्या. मूल रस्त्यातच झालं आणि रडलंच नाही.

अक्कांनी हे पक्षाच्या प्रत्येक बैठकीत सांगितलं. अध्यक्षांनी भर सभेत सांगितलं. सुनेला व्यासपीठावर बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या लेकीला शब्द देतो, गल्लीचा दवाखाना गल्लीला परत मिळेल." टाळ्या वाजत राहिल्या. सून मान खाली घालून उभी होती. तिला यायचंच नव्हतं; अक्कांच्या शब्दाखातर आली होती.

निवडणूक लागली आणि बिल्डर अक्कांच्या पक्षात आला. आला तो उमेदवारी घेऊनच.

"साहेब, दवाखाना यानेच बंद केला," अक्का बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या.

"वरून ठरलंय, अक्का."

"आणि खालच्यांना कुणी विचारलं?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "बाहेरून ओरडून काय हाती लागलं? आता तो आपला माणूस झालाय. त्याच्याच हातून दवाखाना उघडून घेऊ. तुम्ही फक्त गल्ली सांभाळा."

घरी यजमान म्हणाले, "मग त्या दुसऱ्यांना मत दे."

"तिकडे आपला मागचा उमेदवार उभा आहे. इकडे तिकीट कापलं म्हणून गेला."



दोन दिवस अक्कांचं शिवणात लक्ष लागेना. दवाखाना खरंच उघडला तर, हा विचार काही सुटत नव्हता. शेवटी त्या बिल्डरला घेऊन गल्लीत फिरल्या. प्रत्येक दारात लोक आधी त्यांच्याकडे बघत आणि मग त्याच्याकडे. इस्त्रीवाल्याचं घर वगळावं असं त्यांच्या मनात होतं, पण तोच पुढे झाला आणि कडी वाजवली.

दार सुनेने उघडलं. ती कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हसून हात जोडले. "काय ताई, काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही."

तो पुढच्या दाराकडे वळला. अक्का मागे रेंगाळल्या. "अगं, दवाखान्यासाठीच..."

"तुमचा आवाज आला म्हणून दार उघडलं, अक्का," ती म्हणाली आणि दार हळूच लावून घेतलं.

बिल्डर निवडून आला. गल्लीची मतं नेहमीसारखी अक्कांच्या पक्षालाच पडली. अक्का दवाखान्याचं विचारायला गेल्या, तेव्हा बाहेरच्या माणसाने त्यांना बाकावर बसवून ठेवलं. बऱ्याच वेळाने नगरसेवक बाहेर आला. गाडीकडे चालता चालता म्हणाला, "असं एकेकट्याने येऊ नका. पक्षातर्फे या."

"मी पक्षातर्फेच आलेय," अक्का म्हणाल्या. "गल्लीत तुमच्याबरोबर मीच फिरले."

"हो का? बरं, बरं," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

त्या तशाच अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष म्हणाले, "जरा दमानं घ्या. आत्ताच कुठे निवडून आलाय." पुढच्या बैठकीचा निरोप अक्कांना आला नाही. गल्लीचं काम आता नव्या दुकानांपैकी एकाच्या मालकाकडे गेलं होतं.

वर्षभराने सुनेला पुन्हा दिवस गेले. तिच्या माहेराजवळ रुग्णालय होतं, म्हणून सासऱ्यांनी तिला आधीच तिकडे पाठवलं. अक्कांनी मऊ कापडाची झबली शिवली आणि द्यायला गेल्या. इस्त्रीवाला गादीवर शर्ट पसरून इस्त्री फिरवत होता. त्याने हात पुसून पिशवी घेतली.

"पोचवतो," म्हणाला.

अक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या. बसा, असं तो म्हणाला नाही. तो पुढचा शर्ट घेऊन कॉलर सरळ करायला लागला.