खाणीतली पाटी

नरेंद्रने हातमोजा काढला आणि हात वर ताणून पाटीवरच्या भोकात करंगळी घातली. ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. पलीकडच्या बाजूला पत्र्याची कड बाहेर वळली होती, ती बोटाला लागली. त्याने बोट सावकाश बाहेर काढलं.

पाटी जुनी, पिवळी होती. इथे कचरा टाकू नये असं तिच्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. चाळीसेक भोकं असतील. रिकाम्या जागेत फार थोडी होती. बहुतेक सगळी अक्षरांवर होती, आणि गोल अक्षरांच्या पोटात सगळ्यात जास्त. लोक इथे उभे राहून अक्षरांवर नेम धरत होते.

"बाबा, तो पोल हलतोय का बघ ना!" वैदेही गाडीपाशी उभी राहून ओरडली.

त्याने खांबाला दोन्ही हात लावून जोर दिला. खांब पक्का होता.

"नाही हलत," तो म्हणाला.

"ग्रेट! मग आपली पाटी त्याच्याच खाली लावू."

नवी पाटी गाडीच्या डिकीत जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. वैदेहीने ती सकाळी सांता क्लाराच्या घरून निघताना एकदा उघडून दाखवली होती. पांढऱ्या पत्र्यावर हिरवी अक्षरं. वर तिच्या आईचं, सुलेखाचं नाव, खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल, त्याखाली इंग्रजीत एक ओळ : इथे आणलंत ते परत घेऊन जा. परवानगीसाठी वैदेहीने सरकारी ऑफिसशी आठ महिने पत्रव्यवहार केला होता. "कशी आहे?" असं तिने विचारलं तेव्हा नरेंद्रने चष्मा पुसला आणि "छान आहे" म्हणाला. मग दोन तासांच्या रस्त्यात त्याने तीनदा बोलायला तोंड उघडलं, आणि तीनही वेळा पाण्याची बाटली तोंडाला लावली.

जागा म्हणजे टेकड्यांमधली एक सोडून दिलेली खडीची खाण. तीन बाजूंना उभी माती, चौथ्या बाजूने रस्ता. माती गोळ्या अडवते, म्हणून आसपासच्या गावांतले लोक नेमबाजीला इथे यायचे. सरकारी जमीन होती, बंदी नव्हती. येताना ते नेम धरायला काहीबाही घेऊन यायचे आणि जाताना तिथेच टाकून जायचे. आज जमिनीवर एक टीव्ही होता, दोन प्रिंटर, एक गॅसची टाकी, फुटलेली कलिंगडं, हवेत उडवून नेम धरायच्या मातीच्या नारिंगी थाळ्यांचे तुकडे आणि सगळीकडे काडतुसांच्या पुंगळ्या. मार्च महिना होता. टेकड्या हिरव्यागार होत्या, आणि त्या हिरव्यात काच चमकत होती.

मराठी मंडळाची सतरा माणसं आली होती. प्रत्येकाच्या हातात चिमटा आणि जाड पिशवी. श्रीरंगने या वर्षी लोहचुंबकाचा एक रोलर विकत आणला होता. गवत कापायचं यंत्र ढकलावं तसा रोलर ढकलत तो खाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि खाली वाकून बघू लागला. रोलरला चार खिळे आणि एक बाटलीचं झाकण चिकटलं होतं.

"काय रे श्री, पुंगळ्या कुठायत?" रेणूने विचारलं. ती त्याची बायको.

"बहुतेक स्पीड जास्त झाला."

"पितळेच्या आहेत त्या. तीस वर्षं हार्डवेअरमध्ये काढलीस ना तू?"

सगळे हसले. श्रीरंगही हसला. "सुलेखा असती तर दुकानातच अडवलं असतं मला," तो म्हणाला, आणि लगेच सगळे खाली वाकून कचरा वेचायला लागले. नरेंद्र जवळ असला की असंच व्हायचं. सुलेखाला जाऊन चौदा महिने झाले होते.

हे काम सुलेखाने सुरू केलं होतं. ती पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये केमिस्ट होती. एकदा रस्ता चुकून ते दोघे इथे आले आणि ती चपला घालूनच खाली उतरली. म्हणाली, इथल्या गोळ्यांमधलं शिसं पावसाबरोबर खालच्या ओढ्यात जात असणार. पुढच्या महिन्यात ती हातमोजे घेऊन आली. मग वैदेही यायला लागली, मग श्रीरंग आणि रेणू, मग मंडळ.

नरेंद्र सहा वर्षं तिला गाडीने आणत होता. पण तो गाडीतून उतरायचा नाही. पाठ दुखते म्हणायचा. सीट मागे करून पेपर वाचायचा, झोपायचा. एकदा श्रीरंगकडेच जेवायला जायचं होतं आणि उशीर होत होता, तेव्हा त्याने दोनदा हॉर्न वाजवला. ती अर्धी भरलेली पिशवी घेऊन आली, पिशवी मागे ठेवली, पट्टा लावला आणि म्हणाली, "चल."

आता तो दर वेळी उतरत होता. पाठ दुखायची. कोणी थांब म्हणालं तरी थांबत नव्हता. मात्र या जागेबद्दल काही ठरवायचं असलं की तो बोलायचा नाही. इथे काय करावं आणि काय करू नये, हे सांगायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटायचं. तो हक्क वैदेहीचा होता. ती आईबरोबर उन्हात वाकली होती.

श्रीरंग रोलर ओढत त्याच्याजवळ आला.

"चहा घेणार? रेणूने थर्मास आणलाय."

"श्रीरंग, ती पिवळी पाटी बघितलीस?"

"कुठली?"

"त्या खांबावरची."

श्रीरंगने मान वर करून बघितलं. मग खाली घातली. रोलरला चिकटलेला एक खिळा त्याने उगाच काढला.

"बघितली."

"मग?"

"मग काय यार. आम्ही बोललो घरी. रेणू म्हणाली, नरेंद्र सांगेल तिला."

"मी?"

"तू बाप आहेस तिचा."

"तू सांग. तुझं ऐकते ती."

"मी नाही बाबा." श्रीरंगने दोन्ही हात वर केले. "आठ महिने ती त्या पाटीच्या मागे होती. आमच्याकडे आली की तेवढंच बोलायची. फॉन्ट कुठला घेऊ, हिरवा कुठला घेऊ. मंडळाच्या पेपरात फोटो येणारेय. आता कोणत्या तोंडाने सांगायचं की लावू नको म्हणून?"

"लावली तर पंधरा दिवसांत चाळण होईल."

"माहितीये मला."

श्रीरंगने रोलर वळवला. "चहा घे तू," तो म्हणाला आणि रोलर ढकलत गेला.

बाराच्या सुमारास रस्त्यावर एक पिकअप येऊन थांबली. मागून दुसरी आली. आतली माणसं उतरली नाहीत. इंजिन बंद करून, खिडक्या खाली करून ती बसून राहिली. पहिल्या गाडीत एक दाढीवाला म्हातारा होता आणि त्याच्या शेजारी त्याच्याच वयाची बाई. तिने सँडविच काढलं आणि अर्धं त्याला दिलं. हे लोक कधी जातात आणि आपली पाळी कधी येते याची ते वाट बघत होते, आणि ती वाट सभ्यपणे बघत होते.

सतरा जणांनी अठ्ठावीस पिशव्या भरल्या. टीव्ही चौघांनी उचलून ट्रेलरवर चढवला. मग रेणूने सगळ्यांना खांबाजवळ बोलावलं. वैदेहीने चादर सोडली आणि पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. फोन वर झाले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"नरेंद्र, दोन शब्द बोल," रेणू म्हणाली.

"नको."

"असं काय? दोनच शब्द."

"बोला ना काका," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. श्रीरंग मात्र आपल्या बुटांकडे बघत होता. नरेंद्रने वैदेहीकडे बघितलं. पाटीच्या वर तिचा चेहरा होता, उन्हाने लाल झालेला. कपाळावर मातीचा पट्टा. पाटीच्या दोन्ही कडांवर तिची बोटं घट्ट होती. त्याला वाटलं, आत्ता बोलायला हवं. आत्ता नाही तर पाटी वर जाईल आणि आपण गाडीत बसून घरी जाऊ. मग पिकअपमधले ते दोघं सँडविच संपवून उतरतील आणि आधी पाटी वाचतील. नवी पाटी कोणीही वाचतोच.

"सगळे आलात," तो म्हणाला. "इतक्या लांब आलात. धन्यवाद."

पुन्हा टाळ्या झाल्या. रेणूने डोळे पुसले.

लोक पिशव्या बांधायला आणि डबे उघडायला ट्रेलरकडे गेले. खांबापाशी तो आणि वैदेही राहिले. तिने खिशातून चार बोल्ट काढले, पाटी खांबाला लावून धरली आणि एका हाताने अंदाज घेतला. जुन्या पाटीच्या बरोबर खाली, तिच्या डोक्याच्याही वर.

"बाबा, पकड ना जरा. सरळ आहे का सांग."

त्याने हातमोजे काढून खिशात कोंबले आणि हात वर करून पाटीची खालची कड धरली. पत्रा गार होता. जाडी त्याने बोटांनीच मोजली. पिवळ्या पाटीएवढीच होती.

"वैदेही."

"हं."

"ही टिकणार नाही."

ती बोल्ट खांबाला ओळीने असलेल्या भोकांपैकी एकात सरकवत होती.

"इथे येणारे लोक अक्षरांवर नेम धरतात," तो म्हणाला. वर हात केल्यामुळे त्याचा आवाज दबला होता. "मी बघितलं सकाळी. तिच्या नावाला गोळ्या घालतील. तुला सकाळपासून सांगायचं होतं. खरं म्हणजे केव्हापासूनच. पण मला नाही जमलं."

"आय नो, बाबा."

"काय?"

"आय नो. दे विल शूट इट." तिने बोल्टवर नट चढवला आणि बोटाने फिरवला. "तीन करून घेतल्यात मी. दोन गराजमध्ये आहेत, तुझ्या सायकलच्या मागे."

नरेंद्रचे हात तसेच वर राहिले.

"तीन?"

"त्या संपल्या की अजून करू. डिझाइनची फाइल आहे पाटीवाल्याच्या दुकानात."

"मग लावायची कशाला?"

दुसरा बोल्ट तिच्या हातातून निसटून गवतात पडला. ती वाकली, शोधला, शर्टाला पुसला आणि उभी राहिली, पण तो लगेच लावला नाही.

"आई हॉस्पिटलमध्ये होती ना," ती म्हणाली, "तेव्हा डॉक्टर किती नाइस होते. नर्सेस नाइस होत्या. तो पार्किंगवाला पण. नोबडी डिड एनिथिंग राँग. सात आठवड्यांत आई गेली, आणि मी कोणावर चिडायचं? कोणीच नाही. मी घरी येऊन डिशवॉशरवर चिडायची." तिने नाक मनगटाने पुसलं. "इथे कोणीतरी येईल. तिच्या नावावर गोळी घालेल. मग मी येईन, ती पाटी काढीन आणि खूप चिडीन. खूप. मग नवीन लावीन."

ट्रेलरकडून रेणूची हाक आली. जेवायला या म्हणत होती.

"दर वर्षी?" त्याने विचारलं.

"दर वर्षी. तू पण येशील ना?"

ती त्याच्याकडे बघत नव्हती. बोल्टचे आटे बघत होती.

नरेंद्र बहात्तर वर्षांचा होता. त्याने रस्त्याकडे बघितलं. पहिल्या पिकअपमधल्या म्हाताऱ्याने त्याला बघताना बघितलं आणि स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून नमस्कार केला. नरेंद्रला एक हात खाली आणून उत्तर द्यावं लागलं. पाटी एका बाजूने कलली.

"बाबा, सरळ धर."

"ही खाली घे," तो म्हणाला.

"का? वर असली की लांबून दिसेल."

"माझ्या छातीएवढी घे. दर वर्षी इतक्या वर माझा हात नाही पोचायचा."

वैदेहीने त्याच्याकडे बघितलं. मग लावलेला नट उलटा फिरवून काढला आणि पाटी हळूहळू खाली आणली. तो थांब म्हणाला तिथे थांबली. सुलेखाचं नाव आता त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणासमोर होतं.

"पाना दे," तो म्हणाला.

त्याने बाह्या वर सारल्या. पहिला नट बसवला, मग दुसरा. आयुष्यभर यंत्रांमध्ये काम केलेला माणूस, हात आपोआप जोर लावत गेले. शेवटचा नट पूर्ण आवळल्यावर तो थांबला. पाना उलटा धरला आणि पुढच्या वर्षी सहज निघावेत म्हणून चारही नट एकामागून एक पाव फेरा सैल केले.