तीन फुल्या

आमच्या इमारतीतला टकेट गेला त्याला आता वर्ष होत आलं. गेला असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. माझ्या मते त्याला मारला. कौन्सिलने मारला, आणि कागदावर सही होती आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाची, मार्टिन प्राउजची. हे मी चारचौघांत बोलते, प्राउजच्या तोंडावर बोलले आहे, आणि पुन्हा वेळ आली तर याहून मोठ्याने बोलेन.

हॉबडे हाउस या कौन्सिलच्या इमारतीत आमची बेचाळीस बिऱ्हाडं. सगळी म्हातारी, बहुतेक एकेकटी. तळमजल्यावर आमची वॉर्डन राहायची, कॉन्स्टन्स. सकाळी आठला ती निघायची आणि प्रत्येक दारावर दोनदा टकटक करायची. आतून आपण ओरडायचं, "आहे अजून!" की ती पुढच्या दाराला. ज्या घरातून आवाज आला नाही, तिथे ती आपल्या किल्लीने दार उघडायची. झालं, एवढीच पद्धत. पण सोळा वर्षांत आमच्यातलं कुणी एक दिवससुद्धा बेवारशासारखं पडून राहिलं नाही.

मग कौन्सिलने वॉर्डन काढली आणि घरोघरी लाल दोऱ्या लावल्या. दोरी ओढली की म्हणे कॉल सेंटरला कळतं. कॉल सेंटर दीडशे मैल लांब. एका शनिवारी टकेट न्हाणीघरात घसरून पडला. त्याने दोरी ओढली. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक डबा आहे, त्यातून बाई बोलली, "तुम्ही ठीक आहात ना?" तो आतून ओरडत राहिला आणि तिला काही ऐकू गेलं नाही. तिने लिहून ठेवलं, 'दोरी चुकून ओढली.' हे सगळं नंतर चौकशीत बाहेर आलं. सोमवारी दुपारी शेजारच्या व्हर्नाने दार फोडायला लावलं. बुधवारी हॉस्पिटलात त्याने प्राण सोडला. पुढच्या आठवड्यात त्याच्या दाराखालून कौन्सिलचं पत्र सरकवलेलं होतं: आम्हाला अतिशय दुःख झालं आहे, चौदा दिवसांत घर रिकामं करावं. मेलेल्या माणसाला पत्र! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

व्हर्ना लॅशली माझ्यासारखी आरडाओरडा करणारी नाही. ती मूळची बार्बाडोसची. एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला इथे आली आणि चाळीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होती. तिने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मे महिन्यात निवडणूक आहे. मी उभी राहते."

"कुठल्या पक्षातून?" मी विचारलं.

"माझ्या स्वतःच्या. वॉर्डन परत आणा, एवढंच मागणं."

खालच्या हॉलमध्ये चहाला आम्ही सगळे जमलो तेव्हा रेजने तोंड उघडलं. रेज म्हणजे जन्मभर टपाल वाटलेला आणि जन्मभर युनियन केलेला माणूस. त्याला सगळंच कळतं, आणि वैताग हा की बऱ्याचदा खरंच कळतं.

"व्हर्ना, नीट ऐक," तो म्हणाला. "प्रभागात जागा तीन, म्हणून प्रत्येकाला मतं तीन, आणि सगळ्यांत जास्त मतांचे तिघं निवडून येणार. सत्तेवाल्यांचे तिघं उभे, विरोधकांचे तिघं, आणि तू एकटी. लोकांना सांग, माझ्यापुढे एक फुली मारा आणि पेन्सिल खाली ठेवा. उरलेल्या दोन फुल्या दुसऱ्या कुणाला दिल्या तर त्या तुझ्याच उरावर बसतील."

"नाही सांगणार," व्हर्ना म्हणाली. "माझी आजी म्हातारी होईपर्यंत तिला मत नव्हतं, रेज. आणि मी लोकांना सांगू की हातातली दोन मतं फेकून द्या? मला नाही जमायचं."

"अगं, फेकायची नाहीत, वापरायची नाहीत."

"एकच झालं ते."

"रेज," मी म्हटलं, "तुझं टपालखातं तुझ्यापाशी ठेव. तिला तिच्या पद्धतीने करू दे." सगळे हसले. हॉलमध्ये त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने मी हसले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

सहा आठवडे आम्ही पत्रकं वाटली. या भागातल्या दारांना टपालाच्या ज्या फटी आहेत ना, त्यांच्या स्प्रिंगा कुत्र्यासारख्या चावतात. माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या. एक दिवस आमच्याच फाटकापाशी प्राउज भेटला, छातीवर पक्षाची फीत, हातात पत्रकांचा गठ्ठा.

"मिसेस पास्क! गुडघा काय म्हणतोय?"

"माझा बरा आहे. टकेटचा विचारा."

त्याचा चेहरा उतरला. "त्या निर्णयाचं मला फार वाईट वाटतं," तो म्हणाला. "अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की दोरीचा बंदोबस्त पक्का आहे."

"मग एकदा न्हाणीघरात पडून दोरी ओढून बघायची होतीत."

तो मान खाली घालून निघून गेला. मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याची थोडी दयाही आली. माझा नवरा रॉन वारला तेव्हा हा माणूस अंत्यविधीला आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. मागच्या बाकावर बसला, शेवटपर्यंत थांबला, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या पायरीला कठडा लावून दिला. त्या कठड्याला धरून मी रोज बाहेर पडते. त्याचाच तर सगळा घोळ.

मतदान शाळेत होतं. एकतीस वर्षं मी ज्या शाळेत मुलांना जेवण वाढलं, तीच शाळा, तोच हॉल, अजून उकडलेल्या कोबीचा तोच वास. रेज बाहेर व्हर्नाची फीत लावून बसला होता, येणाऱ्यांचे मतदारयादीतले नंबर टिपत. मी ओळख म्हणून बसचा पास दाखवला, बाईने फोटोकडे आणि माझ्याकडे पाहिलं, कागद दिला. आडोशाला सुतळीने बांधलेली पेन्सिल होती. व्हर्नाच्या नावापुढे मी अशी फुली मारली की कागद फाटतो की काय असं वाटलं.

आणि मग दोन चौकोन उरले.

ताटात टाकलेलं मला कधी बघवलेलं नाही. मुलांनी नुसता एक बटाटा खाल्ला आणि बाकीचं लोटून दिलं की मी त्यांना उठू देत नसे. तीन दिलीत ना, मग तीन संपवायची, हे माझ्या हाडात भिनलेलं. रेजचं म्हणणं मला आठवत होतं. आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण व्हर्नाच स्वतः म्हणाली होती ना, फेकू नका म्हणून. तिघं तर निवडून येणारच, मग त्यातल्या त्यात ओळखीचा असलेला बरा. व्हर्नाच्या खालीच त्याचं नाव होतं. मी प्राउजपुढे फुली मारली, आणि तिसरी अशा एका बाईपुढे, जिचं तोंडसुद्धा मी कधी पाहिलेलं नव्हतं. नीटनेटकं काम झालं असं वाटलं मला. ताट स्वच्छ.

बाहेर रेजने विचारलं, "एकच ना?"

"तू तुझे नंबर लिही," मी म्हटलं.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, कौन्सिलच्या क्रीडागृहात. व्हर्नाची प्रतिनिधी म्हणून मी तिच्या शेजारी उभी. कागदाला हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं. ज्या कागदांवर एकाच पक्षाच्या तिघांना फुल्या, त्यांचे गठ्ठे पटापट बाजूला झाले. उरले मिसळीचे कागद. ते एकेक करून टेबलावर उलगडायला लागले आणि माझं डोकं तापायला लागलं. व्हर्नाला फुली, तिच्या खाली प्राउजला फुली. पुढचा कागद, तेच. त्याच्या पुढचा, तेच.

"बघ बघ," मी व्हर्नाच्या कानात म्हणाले, "काय गाढवं आहेत ही! एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात."

व्हर्नाची नजर कागदांवरून हलत नव्हती.

तेवढ्यात समोरच्या मुलीने एक कागद सरळ केला. त्यावर तीन फुल्या होत्या, चौकोनाबाहेर गेलेल्या, डावीकडे लांब शेपटी असलेल्या. संधिवात झाल्यापासून माझी पेन्सिल तशीच सरकते. व्हर्नापुढची फुली इतकी दाबून मारलेली की कागद मागून उठला होता. मुलीने तो नोंदवला आणि पालथा घातला. मी तोंड मिटलं.

दोन वेळा मोजलं. तिसऱ्या जागेवर प्राउज, एक हजार तीनशे वीस. व्हर्ना, एक हजार तीनशे अठरा.

दोन मतं. प्राउज हात पुढे करून आला, "फार सन्मानाने लढलात तुम्ही," म्हणाला. व्हर्नाने हात मिळवला. ती सिस्टर होती, तिला सवय आहे. मी असते तर थुंकले असते. असते म्हणजे, आदल्या दिवशी त्याला मत दिलं नसतं तर.

दुपारी हॉलमध्ये सगळे वाट पाहत होते. दोन मतं म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. "पण आम्ही तर तुलाच दिलं गं," जो तो म्हणायला लागला. आणि माझ्या आत जे खदखदत होतं ते कुणावर तरी ओतायचं होतं, म्हणून मी रेजवर धावले.

"तू! फाटकात बसून नंबर लिहीत होतास! तुला एवढं कळत होतं तर लोकांना नीट पटवायला काय झालं होतं? का तूही मारल्यास तीन?"

रेज माझ्याकडे पाहत राहिला. "मी एकच मारली, बेरिल," तो म्हणाला. "बावन्न वर्षं मत देतोय. पहिल्यांदाच दोन चौकोन कोरे ठेवले."

व्हर्ना उभी राहिली. "प्राउजला कुणीकुणी दिलं?" तिने शांतपणे विचारलं. "हात वर करा."

आधी कुणीच हलेना. मग एक हात वर गेला, मग दुसरा. "तीन होती ना गं, वाया कशी घालवायची," कुणीतरी पुटपुटलं. "तो दर नाताळला कार्ड पाठवतो," दुसरं कुणी म्हणालं. अकरा हात. मी माझ्या दोन्ही हातांनी चहाचा कप धरून ठेवला होता. व्हर्नाने अकरा मोजले, एकदा माझ्या कपाकडे पाहिलं आणि वर निघून गेली.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात गेले.

"बारावा हात माझा होता," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तो कागद उलगडला तेव्हापासून. तू पाठवतेस त्या वाढदिवसाच्या कार्डांवर त्याच शेपट्या असतात, खाली चुंबनं म्हणून मारलेल्या तीन फुल्या." तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "त्याला दिलंस त्याचं मला काही नाही! पण माझ्या शेजारी उभी राहून लोकांना गाढव म्हणालीस. रेजच्या अंगावर सगळ्यांसमोर ओरडलीस. तो भला माणूस, तुझ्याकडे बघत राहिला नुसता. मी टकेटला त्या फरशीवर पाहिलंय, बेरिल. त्याची बोटं दोरीला तशीच होती. आणि तू एका कठड्यासाठी..."

"तूच म्हणालीस फेकू नका."

"म्हणाले! माझी चूक मी चघळते आहे कालपासून. तुझी तू चघळ."

"मला माफ कर, व्हर्ना."

"नाही करणार." तिने दार अर्धं लोटलं आणि पुन्हा उघडलं. "तुला काहीतरी करायचंय ना? मग उद्या सकाळी आठला निघ. बेचाळीस दारं. प्रत्येक दारावर दोनदा."

"माझा गुडघा..."

"लिफ्ट आहे. आणि कठडा आहे."

आता सहा महिने झाले. रोज आठला मी निघते. रेज पहिल्या दिवशी "आहे अजून, आणि मत एकच दिलं होतं!" असं ओरडला, हल्ली नुसतं पहिलं अर्धं ओरडतो. किल्ल्या मागितल्या तर कौन्सिलचं उत्तर आलं, नियमात बसत नाही, खाली सही प्राउजची. ते पत्र मी हॉलमध्ये भिंतीवर लावलंय, चार वर्षांनी पुढच्या निवडणुकीला उपयोगी पडेल.

व्हर्नाचं दार तिसऱ्या मजल्यावर. मी दोनदा टकटक करते. आत रेडिओ चालू असतो, बशीवर कप ठेवल्याचा आवाज येतो, म्हणजे ती ठीक आहे हे मला कळतं आणि मला कळतंय हे तिलाही कळतं. तरी ती लगेच बोलत नाही. मोजून एक मिनिट मला दारात उभी ठेवते. सुरुवातीला मला राग यायचा, अजूनही येतो. मग आतून येतं, "आहे अजून. जा पुढे."

त्या एका मिनिटात मला रोज टकेट फरशीवर दिसतो. तिला तेच हवं असतं.