निळ्याचे दगड

“त्यो कालपासनं काईच खाईना झालाय,” राजूबाई म्हणाली.

गुंडेराव आरशापुढं दाढी करत होता. वस्तरा गालावरच थांबला. मासा खात नाही याचं त्याला नवल नव्हतं. राजूबाई आपणहून बोलली याचं होतं. दोन वर्षांत या बाईनं ‘व्हय’, ‘न्हाई’ आणि ‘वाढू का’ यापलीकडं फारसा शब्द खर्चला नव्हता.

“कोण? नवा?”

“व्हय. त्या हवेच्या नळीमागं जाऊन बसलाय. निळा त्याला भाईर येऊच देईना.”

आळंदमध्ये पिण्याच्या पाण्याची बोंब आणि हा गडी मुंबईहून डब्यांनी खारं पाणी आणतो, अशी सगळ्या गल्लीनं गुंडेरावची थट्टा केली होती. तो मुंबईच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्याची पहिली बायको विमलबाई. आणि ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागायची! खजुरीचा फाटा येईपर्यंत ती ओकून ओकून अर्धी व्हायची. तरी नवऱ्याच्या तोंडून समुद्राचं वर्णन ऐकताना तिचे डोळे मोठे व्हायचे. एकदा म्हणाली, “मला तर न्यायला येत न्हाई, मग त्यालाच आणा की घरला.” गुंडेरावनं आणला. अडीच फूट लांबीच्या काचेच्या पेटीत, पोवळ्याच्या दगडांसकट. सोबत पिवळ्या शेपटीचा एक निळा मासा. विमलबाईनं पदर खोचून दगड स्वतः रचले, त्यांची एक कमान केली, आणि निळा त्या कमानीखाली राहायला गेला.

विमलबाई काविळीनं गेली त्याला चार वर्षं झाली होती. गुंडेराव पाणी बदलायचा, काच पुसायचा, पण दगडाला त्यानं बोट लावलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी चिंताकीच्या हरिबानं आपली विधवा बहीण त्याला पाटानं दिली, ती राजूबाई. रीतीप्रमाणं तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक बांधला. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. राजूबाईनं सगळं मुकाट्यानं केलं. घर विमलबाईनं लावलेलं होतं. मीठ चुलीच्या डाव्या हाताला, डाळ दुसऱ्या फळीवर, साखर पोपटाच्या चित्राच्या डब्यात. राजूबाईनं एखादा डबा हलवला की गुंडेराव तो उचलून परत जागेवर ठेवायचा. ओरडायचा नाही. “त्याची जागा तिथं हाय,” एवढंच म्हणायचा. दारू नाही, मारहाण नाही. आपल्यासारखा नवरा शोधून सापडायचा नाही अशी त्याची मनोमन खात्री होती.

हा नवा मासाही त्यानं तिच्यासाठीच आणला होता. पुढून पांढरा, शेपटीकडं लाल होत गेलेला, डोक्यामागं लांब तुरा. देखणा, पण भित्रा. दचकला की पाण्याबाहेर उडी मारायचा, म्हणून पेटीवर झाकण घालावं लागलं.

अर्धी दाढी तशीच ठेवून गुंडेराव पेटीपुढं बसला. निळा चावत नव्हता, धरत नव्हता. नव्यानं नळीमागून तोंड काढलं की तो फक्त त्याच्या दिशेनं वळायचा. तेवढ्यानं नवा आत जायचा. बराच वेळ हेच चाललं होतं.

त्या फेरीला मुंबईत त्यानं मासेवाल्या चाचाला गाठलं.

“पुराना है ना घर में?” चाचानं विचारलं. “फिर ये डरपोक को पहले डालना था, पुराने को बाद में.”

“आता कसं करू? निळा सात वर्षाचा हाय. त्याला काढून टाकू?”

“काढायचा कामून? पत्थर काढ. सब. फिर दुसरी तरह से लगा. पुराने को लगता है ये मेरा घर है. पत्थर हिल गये, तो वो भी नया. दोनों मेहमान.”

गुंडेराव परत आला तेव्हा बाजेवर राजूबाईची पत्र्याची पेटी उघडी होती. पंचमी दोन दिवसांवर आलेली, बहिणीला न्यायला हरिबा येणार होता. पंचमीला माहेरी जायला दोन लुगडी आणि पिशवी पुरते. पेटीत सगळी लुगडी होती, फणीकरंडा होता, माहेरहून आणलेला तांब्यासुद्धा होता.

“पंचमीला पेटी कामून?”

“असू द्या.”

“मी काई बोललो का तुला? हात उगारला का कधी?”

“न्हाई की. तुमी लई चांगले हाव.” राजूबाईनं तांब्यावर लुगडं दाबलं. “पर दोन वरसं झाली, अजून पावनीवानीच वाटायलंय. मिठाला हात घालताना बी जीव दचकतुय. कुणाचं तरी उचलायलेय असं वाटतंय.”

गुंडेराव काचेच्या पेटीशी गेला, बाही वर केली आणि म्हणाला, “घमेलं धर.”

हात पाण्यात गेला आणि थांबला. कमानीचा वरचा दगड विमलबाईनं तीनदा ठेवून पाहिला होता. तिसऱ्यांदा बसला तेव्हा टाळी वाजवली होती. त्याला सगळं आठवलं, ओल्या हातांची ती टाळीसुद्धा. त्याचे डोळे भरून आले. राजूबाईनं पाहिलं, पण घमेलं तसंच धरून ठेवलं. त्यानं दगड उचलला. मग दुसरा, मग सगळे.

निळा सैरावैरा फिरला. कमान होती तिथं येऊन थबकायचा, परत फिरायचा. नवा उघड्यावर आला. दोघं एकाच कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, आणि कुणी कुणाकडं वळलं नाही.

“आता तू लाव,” गुंडेराव म्हणाला.

“मी? अवं, त्यांचे दगड हायत ते.”

“म्हणूनच म्हणालोय.”

तिनं कमान केली नाही. दोन्ही टोकांना दोन ढीग घातले, दोन्हींत फटी ठेवल्या. ऊन कलेपर्यंत नव्या माशानं एक फट धरली. सुकटीचा चुरा टाकल्यावर बाहेर येऊन दोन घास घेऊन गेला. “खाल्लं बघा!” राजूबाई मोठ्यानं म्हणाली आणि आपल्याच आवाजाला लाजली. निळा मात्र अजून हिंडत होता. गुंडेरावला त्याची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडेराव स्वयंपाकघरात गेला आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली ठेवू लागला. फळीवर विमलबाईनं कातरून घातलेला कागद होता. तो पिवळा पडला होता, ओढताच फाटला. फळ्या उघड्या झाल्या.

“काय करायलाव हे?” राजूबाई दारात उभी होती.

“तुला पायजे तसं लाव. मी भाईर बसतुय.”

तो ओट्यावर बसला. आत डबे ठेवल्याचे, सरकवल्याचे आवाज येत होते. मिठाची बरणी कुठं गेली, डाळ कुठं गेली, त्याला कळत नव्हतं. विमलबाईला माती दिली त्या दिवशीही त्याला इतकं पोरकं वाटलं नव्हतं. तरी तो उठून बघायला गेला नाही.

राजूबाई हात पुसत बाहेर आली. गळ्यातल्या टाकावर पीठ लागलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं. “ह्यास्नी काढत न्हाई मी,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्यात माझ्याजवळ.”

दुपारी हरिबा आला. पाणी पिऊन त्यानं पत्र्याच्या पेटीला हात घातला.

“ती ऱ्हाऊ दे अण्णा,” राजूबाई म्हणाली. “पिशवी घे. दोनच लुगडी हायत.”

हरिबानं एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा गुंडेरावकडं. “मग दाजी, कवा धाडू?”

“आठ दिसांनी येते मीच,” उत्तर तिनंच दिलं.

ती गेल्यावर घर फार मोठं झालं. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी गुंडेरावची सुट्टी होती. त्यानं चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि सवयीनं पोपटाचा डबा उघडला. आत हरभऱ्याची डाळ होती. शेजारचा उघडला, त्यात पोहे. फळीवर अजून नऊ-दहा डबे होते. ओळीनं उघडले असते तर साखर सापडली असती.

त्यानं पोह्यांचा डबा बंद करून होता तिथं ठेवला. बिनसाखरेचा चहा घेऊन काचेपुढं बसला. निळ्यानं दुसऱ्या टोकाला एक फट धरली होती. तिच्यात तो अर्धाच मावत होता, शेपटी बाहेर राहत होती. गुंडेरावनं कडू चहा घोट घोट संपवला. साखर कुठं ठेवलीस, हे विचारायला त्याला अजून सहा दिवस होते.